ट्रेमधली गढी

१४ जून
पोस्ट बंद होऊन आज अकरा आठवडे झाले. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता स्वतःसाठी काही लिहावं म्हणून ही वही काढली. पहिल्याच पानावर ठराव लिहून ठेवते: यंदा गावच्या ऑगस्टमधल्या प्रदर्शनात 'ट्रेमधली बाग' या गटात उतरायचं आणि फिलोमिनाला हरवायचं. बाई ऐंशीच्या घरात आहे, नऊ वर्षं कप हलू देत नाही, आणि दर वर्षी तो घेताना "अगंबाई, मला कल्पनाच नव्हती" असा चेहरा करते. यंदाचा विषय परीबाग. ट्रे दोन फूट बाय एक फूट, प्लास्टिक चालणार नाही, रोपं जिवंत हवीत.

आईला सांगितलं. ती सिंकपुढच्या खिडकीत उभी होती, नेहमीसारखी. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली, कंबर दुखते, तरी चहाची भांडी धुऊन झाली की ती तिथून हलत नाही. शेजारच्या जार्लथच्या शेतातली गढी बघत राहते. बघण्यासारखं काय आहे तिथे? मातीचा गोल बांध, आत माणूस बुडेल एवढी काटेरी झुडपं, आणि मधोमध ते म्हातारं काट्याचं झाड. माझा ठराव ऐकून म्हणाली, "परी म्हणू नये." आमच्याकडची जुनी माणसं तो शब्द तोंडात घेत नाहीत, 'भली माणसं' म्हणतात. ऐकत असतील म्हणून. मी म्हटलं, बरं बाई, भल्या माणसांची बाग.

१७ जून
जार्लथच्या शेळ्यांनी कुंपण तोडलं आणि दोन आठवडे गढीत मुक्काम ठोकला. त्याला कळलं तोवर त्यांनी आतली सगळी झुडपं फस्त केली होती. गढी भल्या माणसांची, तिथली काडीसुद्धा तोडायची नाही, काही उचलायचं नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जार्लथ सत्तरीचा, एकटाच असतो. चहाला आला तेव्हा घाम पुसत होता. शेळ्यांना कोणी समजवायचं, म्हणाला, आणि आता भली माणसं बिल कोणाच्या नावावर पाठवतील.

आईनं त्याला तीनदा विचारलं की झाडापाशी काही दिसलं का, पांढरं काही.

"विनी, पांढरं म्हणजे माझ्या बोकडाची दाढी दिसली," तो म्हणाला. आई हसली नाही. त्याचा चहा मात्र तिनं दुसऱ्यांदा भरला, आणि चौथ्यांदा तेच विचारलं.

या वयात जुनी भीती दुप्पट होते बहुतेक. बाबा गेले त्या आठवड्यातही ती आणि ते गढीबद्दल काहीतरी कुजबुजत होते. मी खोलीत गेले की दोघं गप्प.

२६ जून
पाच आठवडे पाऊस नाही. आमच्याकडे पाऊस थांबला की लोक आधी खूश होतात, मग एकमेकांकडे संशयानं बघायला लागतात. बागेत पाइपनं पाणी घालायला बंदी आली. फिलोमिनाची रोपं सुकत असतील, या विचारानं मला जे वाटलं ते मी शनिवारच्या पापकबुलीत फादरांना सांगणार नाही.

आज ट्रेसाठी शेवाळ शोधायला गढीवर गेले. आत शिरण्याआधी, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, मोठ्यानं परवानगी मागितली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण विचारायला काय जातं.

आत गेले आणि पाय जागीच थांबले.

गवत सगळीकडे पिवळं पडलंय. पण त्या पिवळ्यात आणखी फिकट, जवळजवळ पांढरे, छोटे छोटे लांबट चौकोन उमटले आहेत. बहुतेक माझ्या हाताएवढे, कोपरापासून बोटांपर्यंत. काही त्याहून लहान. काट्याच्या झाडापासून एक रांग निघते, मागे दुसरी, मग काही वेडेवाकडे, जिथे जागा मिळाली तिथे. मोजले. एकतीस. प्रत्येकाच्या पश्चिमेच्या टोकाला एक दगड. बावीस ठिकाणी साधे, नऊ ठिकाणी पांढऱ्या गारगोट्या. सगळे वाफे उगवतीकडे तोंड करून.

जमिनीखाली दगड लावलेला असला की वरचं गवत आधी जळतं, एवढं मला कळतं. म्हणजे कोणीतरी इथे खाली दगड लावून एवढाले वाफे आखले, हातानं, एकेक करून, आणि कोणाला कधी सांगितलं नाही. फोटोसाठी फोन काढला आणि परत खिशात ठेवला. गळ्यातला रुमाल डोक्यावर घेतला, लहानपणी चर्चमध्ये घ्यायचो तसा. का घेतला ते सांगता येणार नाही. एवढं सुंदर आणि एवढं गप्प काही मी आजवर पाहिलं नव्हतं. भल्या माणसांची बाग असलीच तर ती अशीच असणार, आणि माझ्या ट्रेमध्ये ती जशीच्या तशी येणार.

३ जुलै
केलं. नऊच्या नऊ गारगोट्या घेऊन आले, पिशवीत, कोबीच्या पानांखाली लपवून. प्रदर्शन झालं की परत ठेवीन, असं तिथे मोठ्यानं सांगूनही आले. सगळ्यात देखणी काट्याच्या झाडाच्या उगवतीच्या अंगाला होती, पहिल्याच वाफ्याच्या उशाशी. चपटी, बदामासारखी, एका बाजूला गुलाबी झाक.

आईपासून लपवायचा बेत होता, पण पिशवी तिनंच उघडली. आता कानउघाडणी, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. पण तिनं सिंकमध्ये कोमट पाणी घेतलं, बाह्या वर केल्या आणि एकेक गारगोटी धुतली. साबणाशिवाय, नुसत्या बोटांनी. चहाच्या भांड्यांच्या स्वच्छ फडक्यावर ओळीनं ठेवून टिपली. अर्धा तास लागला. शेवटी तिलाही स्पर्धेची हौस लागली म्हणायची.

११ जुलै
गेले आठ दिवस रोज गढीवर जाऊन पावलं मोजते, परत येऊन ट्रेमध्ये त्या मापानं बोटं मोजते. बांध मातीचा, त्यावर शेवाळ. काट्याच्या झाडाच्या जागी त्याचंच वीतभर रोप. वाफे बारीक वाळूनं आखले. एकतीसच्या एकतीस. काम करताना बोलावंसं वाटत नाही, रेडिओही लावत नाही. माझ्या हातून एवढं नीट काही होईल असं मला वाटलं नव्हतं.

एकच बदल केला. बांधाच्या फटीत दलदलीतल्या काळ्या लाकडाचं बोटभर दार बसवलंय, परीक्षकांना दार आवडतं. त्या दाराला उंबरा हवा होता. बदामी गारगोटी तिथे अशी बसली की जणू त्यासाठीच घडवली होती.

आई आली, चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "हा दगड इथे नव्हता ना?"

"नाही. झाडापाशी होता. पण इथे शोभतो."

"झाडापाशी," ती म्हणाली. "कुठल्या अंगाला?"

सांगितलं. ती खुर्ची ओढून तिथेच बसली. मी बटाटे सोलले, उकडले, टेबल मांडलं, तरी ती तिथेच होती.

१५ जुलै
आईबद्दल काळजी वाटते. सकाळचा ब्रेड ती आता ट्रेपाशी बसून खाते. खिडकीत उभी राहत नाही, हे एक बरं झालं. पण संध्याकाळी ट्रेवर स्वच्छ फडक्याचं पांघरूण घालते, वारा लागू नये म्हणून. मी म्हटलं, शेवाळाला वारा चांगला असतो. ती म्हणाली, शेवाळाला असेल. परवा तिच्या ओठांची हालचाल पाहिली, जपमाळेची प्रार्थना असावी. डॉक्टरांच्या कानावर घालावं का? पण ती झोपते शांत, जेवते नीट, आणि काल चक्क गुणगुणत होती. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलेलं नाही.

२१ जुलै
शत्रू घरी येऊन गेला. फिलोमिना केकचा डबा परत करायला आली. तो डबा तिच्याकडे नाताळापासून होता, तेव्हा ती कशाला आली ते उघड आहे. आईनं स्वतःच फडकं उचललं.

फिलोमिना वाकली, आणि माझ्या नजरेसमोर तिचा चेहरा उतरला. मला लपवायचं नाही, उकळ्या फुटल्या. तिनं नऊ गारगोट्यांना एकेक करून बोट लावलं. ओठ हलत होते. मनात मार्क देत असावी.

"हे तू कुठं पाहिलंस, गोरेटी?"

मी ऐटीत सांगितलं, गढीत, पावलं मोजून, सगळे एकतीस आहेत. ती खुर्चीत बसली. चहा दिला तो तसाच गार झाला. साठ वर्षं शेजारी राहिलेल्या ती आणि आई नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या. जाताना ती काठी विसरली. मी मागे धावत जाऊन दिली तर तिनं माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. हरणाऱ्या माणसानं एवढा मोठेपणा दाखवला की आपल्यालाच लाज वाटते.

३० जुलै
हे लिहायला जमेल का माहीत नाही.

आठवडाभर पाऊस लागला होता. सकाळी उघडीप झाली म्हणून ताजं शेवाळ आणायला गढीवर गेले. सगळं हिरवं. एकही वाफा दिसत नाही. जणू कधी नव्हतेच. बावीस दगडही गवतात बुडाले. दुपारी जेवताना आईला सहज म्हटलं, तुझ्या भल्या माणसांनी बाग मिटवून टाकली.

तिनं काटा खाली ठेवला. "सगळी?"

"सगळी. आता फक्त आपल्या ट्रेमध्ये आहे."

ती उठून ट्रेपाशी गेली आणि दोन्ही हात कडेवर ठेवून उभी राहिली. ही बाग प्रदर्शनात जाणार नाही, म्हणाली. मी चिडले. पाच आठवड्यांची मेहनत आहे, म्हटलं, आणि एकदा, आयुष्यात एकदाच मला काहीतरी जिंकायचंय. नियमांत अगदी बसते ती, मी दोनदा तपासलंय.

"तो माझा मुलगा आहे, गोरेटी."

मला वाटायचं मी थोरली. माझ्या आधी तीन वर्षं तिला मुलगा झाला होता. श्वास न घेताच आला. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या मातीत जागा नाही, तेव्हाचा नियम तसा होता. बाबांनी त्याला लोण्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं आणि गढीवर नेलं. गढीतच का, तर तिथे कोणी नांगर घालत नाही, कोणी काही उकरत नाही. आईनं जायचं नसतं, कोणी काही विचारायचं नसतं. बाबा परत आले, हात धुतले आणि गाईंची धार काढायला गेले. पुढे पन्नास वर्षं तिनं विचारलं की ते म्हणायचे, आहे तिथे बरा आहे. शेवटच्या आठवड्यात एकदाच सांगितलं: झाडापाशी, उगवतीच्या अंगाला, पांढरा दगड. तोवर झुडपं डोक्याच्या वर गेली होती, आणि तिची कंबर गेली होती.

"अशी मुलं स्वर्गात जात नाहीत, वेगळीकडे असतात, असं सांगायचे," ती म्हणाली. "म्हणजे मेल्यावरही भेट नाही. मग माझ्याकडे काय उरलं? ती हातभर जागा. आणि ती कुठली तेही माहीत नाही."

मी काय केलंय ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. एकतीस वाफे. मी खुणा उचलून आणल्या, कोबीखाली लपवून. तिच्या मुलाच्या उशाचा दगड मी दाराचा उंबरा केला, परीक्षकांना आवडावा म्हणून. मला रडूही येईना. कशीबशी माफी मागितली.

तिनं माझ्या गालाला हात लावला. तिचा हात शेवाळाचा ओला होता. "दारात ठेवलास ना, तेव्हा मला वाटलं, घरी आला."

३ ऑगस्ट
ट्रे घेऊन गढीवर गेले. हातगाडीत घातला, वर फडकं. बोटांची पुन्हा पावलं केली. काट्याच्या झाडापासून उगवतीकडे दोन पावलं, मग अर्धं. तिथे गवत हातानं बाजूला केलं. बोटाला दगडाची कड लागली, लावलेली, सरळ. दुसरा दगड, तिसरा. बाबांनी एकट्यानं लावलेले. ज्यांनी मला कधी जवळ घेतलं नाही त्या बाबांनी, पोरगं थंडीत पडू नये म्हणावं तशी, चारी बाजूंनी कड लावली होती. मी तिथे बसले आणि आवाज करून रडले.

बांधावर जार्लथ उभा होता. कधी आला कळलं नाही. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"आमच्या बापानं हे वावर कधी नांगरलं नाही," तो म्हणाला. "आम्हाला सांगायचा, भली माणसं हात मोडतील." मग म्हणाला, "भीती बरी होती गं. तिच्यामुळं जागा राहिली."

एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नाही. सगळ्या गावानं पऱ्यांच्या नावानं एकतीस मुलांची राखण केली, तोंडातून एक शब्द न काढता. मला त्या जुन्या भीतीबद्दल जे वाटलं त्याला आदराशिवाय दुसरा शब्द सापडत नाही.

८ ऑगस्ट
फिलोमिनाकडे गेले. त्या दिवशी ती गारगोट्यांना मार्क देत नव्हती, हे आता कळलं होतं. आठवडा काढला धीर गोळा करायला. तिच्या ओसरीत तिचा ट्रे होता, छोटे गुलाब, छोटं तळं, तळ्यावर पूल. सरळ म्हणाले, रविवारी आईला गढीवर नेतोय, जार्लथच्या ट्रॅक्टरमागच्या खोक्यात खुर्ची बांधून. तुम्हीही या. जागा आहे.

रविवारी प्रदर्शन आहे, ती म्हणाली. मी म्हटलं, मला माहीत आहे. गढीवर माझं काय काम, असं म्हणून तिनं दार लावलं. जोरात नाही, हळूच, पण लावलं. दाराबाहेर मी बराच वेळ उभी होते. आत पावलांचा आवाज नव्हता. म्हणजे तीही दारामागे उभी होती.

१२ ऑगस्ट
चर्चमधली सकाळची मिस्सा झाली. आईनं निळा कोट घातला, टोपीला पिन लावली. जार्लथनं खोक्यात गवताच्या पेंढ्या घातल्या, खुर्ची दोरानं बांधली, आणि आईला लहान मुलासारखं उचलून बसवलं. ती म्हणाली, जार्लथ, शेवटचं मला असं लग्नात उचललं होतं. मांडीवर ट्रे. प्रदर्शनाच्या मंडपाच्या दिशेनं सगळं गाव चाललं होतं, आणि आमचा ट्रॅक्टर उलट्या दिशेनं.

गढीच्या फाटकाशी फिलोमिना उभी होती. रविवारच्या कोटात, हातात काठी, जवळ ट्रे नाही. घरून चालत आली होती. कोणी काही विचारलं नाही. मी तिला आईशेजारी पेंढीवर बसवलं.

जार्लथनं आईला झाडापर्यंत नेलं. मी जागा दाखवली. ती गुडघ्यावर बसली. कंबरेचं काय होईल याची मला धास्ती, पण तिला अडवण्याची कोणाची छाती नव्हती. बदामी दगड तिनं स्वतःच्या हातानं ठेवला, गुलाबी बाजू वर. मग उशाशी हात ठेवून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "कॉर्मक, मी आलेय रे." त्याला नाव होतं. सत्तावन्न वर्षं तिनं ते स्वतःपाशी ठेवलं होतं. बाबा खोकं घेऊन निघाले तेव्हा, चुलीवर दूध तापताना मनात ठेवलेलं नाव, असं तिनं आम्हाला सांगितलं, दूध उतू जाईपर्यंत तेवढाच वेळ मिळाला होता. मग ती त्याच्याशी बोलत राहिली, मी मागे सरले. काय बोलली ते मला माहीत नाही. तिला हसताना मात्र एकदा ऐकलं.

उरले आठ दगड. ट्रेमध्ये पाहून मी जागा सांगत होते, फिलोमिना ठेवत होती. मी वाकू दिलं नसतं, पण तिनं माझा हात बाजूला केला. पाचव्या दगडाला ती थांबली. तिचं बाळ कुठल्या दगडापाशी ते तिला माहीत नाही, म्हणाली. नवऱ्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. पांढरा की साधा, तेही नाही.

"मग सगळ्यांपाशी बस," आई म्हणाली. "आपल्याला घाई नाही."

ती बसली. पांढऱ्या नऊंपाशी, मग गवतात हातानं चाचपत साध्या दगडांपाशी, एकेक करून. मी तिच्या काखेत हात घालून उठवायची, पुढच्यापाशी बसवायची. तास झाला असेल. खालून मंडपातल्या लाउडस्पीकरवर कोणाकोणाची नावं पुकारत होते, मेंढ्यांची, जॅमची, मग ट्रेमधल्या बागांची. आम्ही तिघींनी मानही वळवली नाही.

एकतिसाव्यापाशी आईनं तिला विचारलं, नाव काय ठेवलं होतंस.

"ठेवलं नव्हतं. कोणी ठेवू दिलं नाही."

"आता कोण अडवतंय?"

फिलोमिना विचार करत बसली. मी तिला नऊ वर्षं कप घेताना पाहिलंय, पण अशी घाबरलेली, अशी आनंदलेली कधी पाहिली नव्हती. दोनदा तोंड उघडून मिटलं. जार्लथनं टोपी काढली. मग तिनं नाव घेतलं. मुलीचं होतं.

ते मी इथे लिहीत नाही. आज पहिल्यांदाच ते तिच्या तोंडून निघालंय, आधी तिला ते पुरेसं घेऊ दे.